वळिवड्याचे पोलिश गाव

लग्नसराई तोंडावर आली की कोल्हापूर, सांगली, निपाणी, इचलकरंजी या भागांतील कापड दुकानदारांची पावले गांधीनगरकडे वळतात. साड्यांचे गठ्ठे, ड्रेस मटेरियलची पोती, भावाची घासाघीस, टेम्पोत माल चढवणारे हमाल आणि दुपारी कुठेतरी उभ्याउभ्या घेतलेला चहा, असा तो दिवस जातो. आपल्या समाजातील कित्येक पेढ्यांचे गांधीनगरच्या सिंधी व्यापाऱ्यांशी दोन-तीन पिढ्यांचे खाते आहे. मात्र ज्या जमिनीवर हा व्यवहार चालतो, तेथे एके काळी पाच वर्षे एक युरोपीय खेडे नांदत होते, हे त्या खात्यांच्या मालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

गाव पोलंडचे, जमीन करवीर संस्थानची आणि काळ दुसऱ्या महायुद्धाचा. कोल्हापूरपासून सात-आठ किलोमीटरवर, पंचगंगेच्या काठच्या वळिवडे गावाच्या शिवारात 1943 साली ही वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे तेथे राहत होती. बहुतेक स्त्रिया आणि मुले. पुरुष थोडे, आणि जे होते ते वयाने उतरलेले किंवा शरीराने खचलेले. धडधाकट पुरुष सैन्यात होते, नाहीतर परत न येणाऱ्या ठिकाणी गेले होते.

ही माणसे येथवर कशी आली, हे समजल्याशिवाय त्यांच्या वळिवड्यातील दिवसांचे मोल कळत नाही. 1939 च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडचा भाग खेड्यांचा होता. राय, बटाटा आणि जवसाची शेती, गाई-घोडे, दाट जंगले, घरांच्या छपरांवर करकोच्यांची घरटी. पहिल्या महायुद्धानंतर तेथे अनेक निवृत्त सैनिकांना जमिनी मिळाल्या होत्या. रशियाच्या नव्या सत्तेला हे जमीनधारक, वनरक्षक, शिक्षक, पोलीस आणि त्यांची कुटुंबे संशयास्पद वाटली. 10 फेब्रुवारी 1940 च्या मध्यरात्री, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, त्यांच्या दारांवर बंदुकीच्या दस्त्यांचे ठोके पडले. अर्ध्या-पाऊण तासात हाताला लागेल ते बांधायचे, बर्फावरच्या घसरगाडीत बसायचे आणि जवळच्या स्थानकावर मालगाडीच्या डब्यात चढायचे. त्यानंतर एप्रिलमध्ये, जूनमध्ये आणि पुढच्या वर्षी पुन्हा अशाच फेऱ्या झाल्या. कोणी अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकडे तोडायला गेले, कोणी सैबेरियात, कोणी कझाकस्तानच्या माळरानावर.

1941 च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि हिशेब बदलला. लंडनमधील पोलंडच्या निर्वासित सरकारशी स्टालिनने करार केला आणि या लोकांना ‘माफी’ जाहीर केली. कोणता गुन्हा माफ झाला, हे कोणालाच सांगता आले नसते. जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभी राहू लागली आणि तिच्या मागोमाग सैनिकांच्या बायका-मुलांनी दक्षिणेची वाट धरली. 1942 साली क्रास्नोव्होद्स्क बंदरातून कास्पियन समुद्र ओलांडून ही माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. उवा आणि विषमज्वराच्या भीतीने त्यांचे कपडे जाळले गेले, डोकी भादरली गेली. लाखाहून अधिक लोक अशा रीतीने रशियाबाहेर पडले. सैनिक इराक-पॅलेस्टाइनकडे गेले. स्त्रिया आणि मुलांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न उरला. कोणी टांगानिका आणि युगांडात गेले, कोणी न्यूझीलंडला, कोणी मेक्सिकोला. काही हजारांच्या वाट्याला हिंदुस्थान आला.

सौराष्ट्रातील बालाचडी येथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी शेकडो पोलिश मुलांना आश्रय दिला, ती कथा आता बरीच प्रसिद्ध आहे आणि प्रसिद्ध असायलाच हवी. वळिवड्याची कथा तुलनेने मागे राहिली. याचे एक कारण असे असावे की तिला एकच नायक नाही. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले एक तान्हे मूल होते आणि राज्याचा कारभार राजमाता ताराबाईसाहेबांच्या रीजन्सीकडे होता. जागा संस्थानची, उभारणी हिंदुस्थान सरकारची, खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या नावावर. जमा-खर्चाची वही वाचण्याची सवय असलेल्या वाचकांना हा तपशील महत्त्वाचा वाटेल. वळिवड्याचे रहिवासी कोणाच्या धर्मादायावर जगत नव्हते. परमुलखात बसलेल्या, स्वतःचा देश हरवलेल्या सरकारने आपल्या नागरिकांसाठी घेतलेल्या कर्जावर ते जगत होते. कोल्हापूरने दिले ते जमीन, पाणी, सौम्य हवा आणि शेजार. यातील शेजार हिशेबात धरण्याची पद्धत नाही.

ते वर्षही साधे नव्हते. 1943 मध्येच बंगालात भीषण दुष्काळ पडला होता. साखर, रॉकेल, कापड या सर्वांवर नियंत्रणे येत होती. याच सुमारास पुरंदर आणि साताऱ्याला जर्मन आणि इटालियन नागरिकांना शत्रुराष्ट्राचे म्हणून सरकारी देखरेखीखाली स्थानबद्ध केले होते. दक्षिण महाराष्ट्रातील एखाद्या शेतकऱ्याला हे गोरे पाहुणे कोण आणि ते गोरे कैदी कोण, यांतला फरक समजणे सोपे गेले नसणार.

बहुतेकांचा प्रवास कराचीहून मुंबई आणि तेथून पुणे-मिरजमार्गे झाला. 1943 च्या जूनपासून, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर, त्यांच्या तुकड्या वळिवड्याच्या लहानशा स्थानकावर उतरू लागल्या. समोर लांबच लांब बराकींच्या रांगा होत्या. दगडी जोते, बांबू-चटयांच्या भिंती, वर कौले. एका बराकीत अनेक बिऱ्हाडे. प्रत्येक बिऱ्हाडाला दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे ओसरी. आपल्याकडच्या चाळीशी परिचित असलेल्यांना ही रचना सांगावी लागणार नाही. चटईच्या भिंतीतून शेजारच्या घरातला खोकलाही ऐकू येई. तरी तीन वर्षे झोपायला फळीसुद्धा स्वतःची नसलेल्या बाईला आपल्या नावाची ओसरी मिळणे म्हणजे काय, याची कल्पना करता येते. थोड्याच महिन्यांत त्या ओसऱ्यांपुढे फुलांचे वाफे दिसू लागले. वेल चढले, केळी आणि पपया लागल्या. पोलंडच्या खेड्यात घरापुढे बाग नसलेले घर आळशाचे समजले जाई. ती समजूत त्यांनी पंचगंगेच्या काळ्या मातीत रुजवली.

येथील दैनंदिन जीवनात सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे चूल. आधीच्या तळांवर सार्वजनिक भटारखान्यातून ताटात पडेल ते खावे लागे. वळिवड्यात कुटुंबांना दरमहा रोख भत्ता मिळे आणि ज्याने-त्याने आपला स्वयंपाक करायचा होता. निर्वासिताला शिधा देणे आणि पैसा देणे यांत मोठे अंतर आहे. शिधा मिळालेला माणूस रांगेत उभा राहतो, पैसा मिळालेला बाजारात जातो. आणि बाजार आपोआप जमला. आसपासच्या खेड्यांतून दूध, अंडी, भाजी घेऊन शेतकरी येत. कोल्हापूरचे दुकानदार, शिंपी, चांभार यांचे येणे-जाणे सुरू झाले. भाव बोटांवर ठरे. हळूहळू बायकांना मराठी आकडे येऊ लागले, भाजीवाल्यांना पोलिश आकडे. मुले तर दोन्ही भाषांत बिनदिक्कत भांडू लागली.

या दोन भाषांचे दूरचे नाते आहे, हे त्या बाजारात कोणाच्या ध्यानात आले असेल की नाही, कोण जाणे. पोलिश भाषेत आगीला ‘ओगिएन्य’ म्हणतात, तो आपला अग्नी. भावाला ‘ब्रात’ म्हणतात, तो आपला भ्राता. विधवेला ‘व्दोवा’ म्हणतात. हा शेवटचा शब्द त्या वसाहतीत फार वेळा उच्चारला गेला.

पाच वर्षांत तेथे गावाला लागते ते सारे उभे राहिले. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, धंदेशिक्षणाचे वर्ग, दवाखाना, चर्च, वाचनालय, नाटकाचा रंगमंच, चित्रपटगृह, सहकारी तत्त्वावरची दुकाने. शाळांवर त्यांचा सर्वाधिक भर होता. सैबेरियात गेलेली वर्षे मुलांच्या शिक्षणातून गळाली होती आणि ती भरून काढायची होती. पुस्तकांचा तुटवडा होता. शिक्षिका स्वतः नवरा-मुलगा गमावलेल्या होत्या. तरी अभ्यासक्रम पोलंडचा, परीक्षा पोलंडच्या, इतिहास पोलंडचा. आपण परत जाणार आहोत, हे त्या शाळांचे गृहीतक होते.

स्काउट आणि गाइडच्या तुकड्या ही तेथील मुलांची मोठी ओढ होती. शेकोटी, गाणी, गाठी मारण्याचे धडे आणि पन्हाळ्यासारख्या ठिकाणी सहली. ज्या गडावरून शिवाजी महाराज वेढा फोडून निसटले, त्याच गडावर रशियातून निसटलेल्या मुलांनी फिरावे, हा योगायोग कोल्हापूरकरांना आवडण्यासारखा आहे. क्षयाने किंवा अशक्तपणाने ग्रासलेल्यांना पाचगणीच्या हवेत पाठवले जाई. बायका भरतकाम, शिवणकाम करीत. मुले पंचगंगेत पोहत आणि माकडांच्या मागे धावत. विंचू आणि सापांची भीती मात्र शेवटपर्यंत गेली नाही.

वांदा डायनोव्स्का या विदुषींचा येथे उल्लेख करायला हवा. थिऑसॉफीच्या ओढीने त्या युद्धापूर्वीच हिंदुस्थानात आल्या होत्या आणि उमादेवी या नावाने ओळखल्या जात. भारतीय विचारांची पोलिश भाषेत आणि पोलिश साहित्याची भारताला ओळख करून देण्यासाठी त्यांनी ग्रंथमाला चालवली. या देशाकडे उकाडा आणि साप यांपलीकडे पाहायला त्यांनी आपल्या देशबांधवांना शिकवले. त्यांचे सहकारी मॉरिस फ्रीडमन हेही पोलंडचेच. औंध संस्थानच्या स्वराज्य-घटनेच्या प्रयोगात त्यांचा हात होता आणि पुढे मुंबईतील निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे त्यांनी इंग्रजीत आणली. महाराष्ट्राचे आणि पोलंडचे धागे असे अनपेक्षित ठिकाणी गुंतलेले आढळतात.

24 डिसेंबरची रात्र पोलिश घरांत वर्षातील सर्वांत मोठी. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत उपवास, नंतर सर्वांनी पातळ पोळीसारखी एक वडी एकमेकांच्या हातून मोडून खायची आणि मग जेवण. या जेवणात मांस वर्ज्य असते. मासे चालतात, हे आपल्या वाचकांना सांगून टाकलेले बरे. पण त्या रात्रीची आणखी एक प्रथा आहे. घरात जितकी माणसे, त्यापेक्षा एक ताट अधिक मांडायचे. अचानक आलेल्या पाहुण्यासाठी ते ताट असते. वळिवड्याच्या चटईच्या घरांत ते रिकामे ताट मांडताना पाहुण्याचा विचार कोणी केला असेल, असे वाटत नाही. प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गेलेले होते.

गावाचे खरे केंद्र चर्चही नव्हते आणि बाजारही नव्हता. ते टपाल होते. आंदेर्स यांची सेना 1944 मध्ये इटलीत लढत होती. 18 मे 1944 रोजी माँते कासिनोच्या डोंगरावरील उद्ध्वस्त मठावर पोलिश सैनिकांनी झेंडा लावला, तेव्हा वळिवड्यात आनंद झाला असणारच, पण मागोमाग मृतांच्या याद्या येणार हेही सर्वांना ठाऊक होते. कोणाचा नवरा, कोणाचा अठरा-वीस वर्षांचा मुलगा. गंमत अशी की, त्याच इटलीत आपल्याकडची मराठा पायदळ पलटण लढत होती. नाईक यशवंत घाडगे यांना तेथेच जुलै 1944 मध्ये वीरमरण आणि व्हिक्टोरिया क्रॉस आला. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी तोच सन्मान मिळवला, त्या आघाडीवर पोलिश कोअरही होती. म्हणजे वळिवड्याच्या बराकीतील बाई आणि कोल्हापूर-साताऱ्याच्या एखाद्या खेड्यातील बाई, दोघी एकाच रणभूमीवरून येणाऱ्या तारेची वाट पाहत होत्या. एकमेकींची भाषा त्यांना कळत नव्हती. दाराशी आलेला तारवाला मात्र दोघींनाही कळत होता.

1945 मध्ये युद्ध जिंकले गेले आणि वळिवड्याने सर्व गमावले. फेब्रुवारीत याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा बदलण्याचे ठरवले. या लोकांची गावे रशियाकडे गेली. आज ती युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनिया या देशांत आहेत. 5 जुलै रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या नावावर वळिवड्याचा खर्च पडत होता, ते सरकार एका दिवसात कागदावरून नाहीसे झाले. रहिवाशांचा पोट भरण्याचा प्रश्न तात्पुरता सुटला. आधी ब्रिटिश सरकारने आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने जबाबदारी घेतली. पण पारपत्र कोणत्या देशाचे, हा प्रश्न सुटण्याजोगा नव्हता.

यानंतरची दोन-अडीच वर्षे या गावाच्या आयुष्यातील सर्वांत कठीण. परत जावे, तर वॉर्सात रशियाच्या तालावर चालणारे सरकार. आणि घर तर सीमेपलीकडे, ज्यांनी हाकलले त्यांच्याच ताब्यात. न जावे, तर जायचे कोठे? आई परत जायला तयार आणि मुलगा नाही, असे घराघरात झाले असणार. एकेका कुटुंबातील माणसे तीन-तीन देशांत विखुरलेली होती. काही शेकडा लोकांनी मायदेशाची वाट धरली. 1946 मध्ये बालाचडीचे शिबिर बंद झाले आणि तेथील मुलेही वळिवड्यात आली. त्याच सप्टेंबरात कोल्हापूरचे बालछत्रपती वारले. 1947 मध्ये ब्रिटनने पोलिश सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि ज्यांचे पुरुष सैन्यात होते, त्यांना इंग्लंडचा मार्ग मोकळा झाला. उरलेल्यांपैकी कोणी आफ्रिकेतील छावण्यांत गेले, कोणी ऑस्ट्रेलियात.

त्या दिवसांत 15 ऑगस्ट येऊन गेला. आपला देश गमावलेल्या लोकांनी दुसऱ्याचा देश स्वतंत्र होताना पाहिला. पाठोपाठ जानेवारी 1948 मध्ये गांधीजींची हत्या झाली, कोल्हापुरात जाळपोळ झाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. आगगाडीची वाट पाहत सामान बांधून बसलेल्या कुटुंबांना तो धूर काय आठवून देत असेल, हे सांगायला नको. त्याच वर्षी वळिवडे रिकामे झाले. जी माणसे येथे वारली ती येथेच राहिली. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. एका पोलिश मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी विवाह केला आणि मराठी नाव, मराठी भाषा व नऊवारी-सहावारीचा संसार पत्करून आयुष्य येथेच काढले.

रिकाम्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध प्रांत संपूर्णपणे पाकिस्तानात गेला होता. तेथून आलेल्या सिंधी कुटुंबांना याच बराकी देण्यात आल्या आणि वसाहतीला गांधीनगर हे नाव मिळाले. येथे इतिहासाचा एक विलक्षण दुवा लागतो. पोलंडची गावे ज्या रेषेने तोडली, ती ‘कर्झन रेषा’ म्हणून ओळखली जाते. बंगालची 1905 ची फाळणी करणारे लॉर्ड कर्झन ते हेच. पुढे ते ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री झाले आणि त्यांचे नाव या रेषेला चिकटले. सिंधी माणसांना घराबाहेर काढणाऱ्या फाळणीची रेषा पंजाब-बंगालात रॅडक्लिफ यांनी आखली. दोन इंग्रजांच्या नावांच्या दोन रेषा आणि त्यांच्यामुळे बेघर झालेली दोन वेगळ्या खंडांतील माणसे, एकामागून एक, वळिवड्याच्या त्याच चटईच्या भिंतींआड राहून गेली. सिंधी माणसांनी रोख भत्त्याची वाट पाहिली नाही. डोक्यावर गाठोडे घेऊन ते फेरी करू लागले, आणि त्या फेरीतून आजची घाऊक पेठ उभी राहिली.

वळिवड्याची मुले इंग्लंड, पोलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात म्हातारी झाली. ‘भारतातील पोलिश’ अशी संघटना त्यांनी लंडनमध्ये स्थापन केली, आठवणींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. कोल्हापुरातील महावीर उद्यानात त्यांच्या कृतज्ञतेचा स्तंभ आहे. सकाळी फिरायला जाणारे आपल्यापैकी अनेक जण त्याला वळसा घालून जातात, पण त्यावरची अक्षरे वाचायला थांबणारे कमीच. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि 21 ऑगस्ट 2024 रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले, तेव्हा कोल्हापुरातल्या तरुणांनी पहिल्यांदा मोबाइलवर वळिवड्याचा इतिहास शोधला.

सप्टेंबर 2019 मध्ये काही माजी रहिवासी पोलंडच्या मान्यवरांसह कोल्हापुरात आले होते. वये ऐंशी-नव्वदीची. जुन्या बराकींपैकी फारसे काही उरलेले नाही, सिमेंटची दुकाने आणि गोदामे उभी आहेत. वळिवड्याचे रेल्वे स्थानक मात्र अजून त्याच नावाने आहे, आणि मिरजेकडून येणारी पॅसेंजर गाडी तेथे आजही थांबते.